तुझ्या लेकीचं संशोधन आणि मी

प्रिय ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या शिरापुरताच स्वीकार.) गुडघ्याचं प्लास्टर निघालं का? स्वयंपाक भावोजी करतात असं ऐकलं, म्हणून पोटाची तब्येतही कळव.

तुला जाता येईना म्हणून तुझ्या लेकीच्या विद्यापीठातल्या त्या वार्षिक संशोधन-कला महोत्सवाला घरातर्फे मी गेलो. नवा शर्ट घातला होता. (तुझी भावजय म्हणाली, तिथे फार बोलू नका. शर्टाबद्दल काहीच म्हणाली नाही.) आधी चुकून कलेच्या दालनात शिरलो. जिने चढून पाय भरून आले होते, मधोमध एक खुर्ची रिकामी दिसली, बसलो. थोड्या वेळाने एक मुलगी अदबीने म्हणाली, "काका, बसा निवांत. फक्त माझ्या कलाकृतीचं नाव 'अनुपस्थिती' आहे, तेवढं बदलावं लागेल." मी उठलो. पण लोक मी बसलेलो असताना बघत होते त्याहून जास्त आदराने रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले, याचं जरा वाईट वाटलं.

संशोधनाच्या सभागृहात आपली पोरगी पोस्टरशेजारी उभी होती, चेहरा उतरलेला. विषय असा, की घरच्या गप्पांत कोण कोणाला वाक्य पुरं करू देतं. त्यासाठी तिने आपल्या सगळ्यांचे फोन रेकॉर्ड केले होते. (परवानगी घेऊन हो. तिने विचारलं तेव्हा आपण दोघंही लगेच 'हो' म्हणालो होतो. कशाला, ते ऐकायला थांबलो नव्हतो.) तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. पोरीने सुरुवात केली, जराशी अडखळली, आणि मला राहवलं नाही. नमुना कसा निवडला ते मी सांगितलं. निष्कर्षही मीच सांगितला. तो चुकीचा होता हे मागाहून कळलं. बाईंनी चष्मा सावरून आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यातले 'मामा' म्हणजे आपण..."

"हो, मीच," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत, नुसतं काहीतरी टिपून घेतलं. मग मी आलेख पाहिला. 'मामा' नावाचा खांब चांगला ताडमाड होता. कान तापले माझे. निमूटपणे पाण्याच्या यंत्राशी जाऊन उभा राहिलो. तिथून ऐकू येत होतं. ताई, पोरगी काय सुरेख बोलते गं! हात अगदी तुझ्यासारखे हलवते. इतकी वर्षं हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसरं बक्षीस मिळालं. नंतर कँटीनमध्ये मी चहा ढवळत गप्प बसलो, तर म्हणाली, "मामा, रागावलास? तुझ्याशिवाय पोस्टर अर्धंच झालं असतं." मी नुसती मान हलवली. मग ती बरंच काही बोलली आणि मी सगळं ऐकलं. चहा पार गार झाला.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. आलेखात माझ्याहून उंच एकच खांब होता. त्याखाली 'आई' असं लिहिलं होतं.

आणखी एक ता.क. तिला पुढच्या संशोधनासाठी परगावी जागा मिळाली आहे, दोन वर्षांसाठी. हे सांगायला तिने तुला कितीदा फोन केला, पण 'आई, मला परगावी' एवढं होतंय तोवर तू तिथल्या डासांवर आणि वसतिगृहातल्या जेवणावर जायचीस. रविवारी ती पुन्हा फोन करेल. तोंडात लवंग धर, पण पुरतं ऐक. तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेलो असेन. पोरगी कुठे अडखळली, तर पुढचं मी सांगेनच.