सॅमनच्या पोटातला जवळा

अल मनखूल, दुबई
१२ मे

चि. शर्वाणीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

जहाजाच्या मेलवरून तुझं पत्र पोचलं. उत्तरेच्या थंड समुद्रात सॅमन काय खातो ते सविस्तर लिहिलंस. तू काय खातेस, त्यावर एक ओळ नाही! बाबा रोल्ला रस्त्यावरच्या मासळीच्या दुकानात इतकी वर्षं सॅमन विकतात, पण त्याच्या जेवणाची चौकशी त्यांनीही कधी केली नाही.

माशांच्या अभ्यासासाठी तू जहाजावर चढलीस तेव्हा मी नवस बोलले, लेक सुखरूप घरी येईपर्यंत मासे वर्ज्य. मासळीवाल्याच्या घरात मी पिठलं-भात जेवते आणि बाबा चोरून सुरमई खातात. ऑगस्टमध्ये येतेस ना?

लोभ आहेच, काळजीही आहे.
आई

नॉर्वेजवळ, जहाजावरून
२ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

मी सूप, बटाटे आणि तुझी लसूण चटणी खाते. खलास, झालं समाधान?

काल एका जंगली सॅमनचं पोट उघडलं. आत आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी ठासून भरलेली आणि एक बोटाएवढा मासा, अंगावर दिव्यांची रांग असलेला! खोल अंधारात तो हे दिवे लावून हिंडतो. आई, मी काम विसरून बघतच राहिले. सॅमनचा केशरी रंगही ह्या कोळंबीतूनच येतो, बाबांना सांग.

नदीत जन्मलेलं पिल्लू एवढ्या लांब येतं ते ह्या खाण्यासाठी. इथे दांडगं होतं, आणि परतताना घरची नदी लागली की खाणंच सोडतं. उपाशीपोटी प्रवाहाविरुद्ध चढत राहतं.

आता अवघड गोष्ट. इथे आणखी दोन वर्षं राहशील का, असं मला विचारलंय. मला राहायचंय गं, पण तुझा नवस आठवला की होकार देववत नाही. यल्ला, चल, रागाव एकदाची.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी शर्वाणी

अल मनखूल
१५ जून

चि. शर्वाणीस, अनेक आशीर्वाद.

रागावले. बाबांशी बोलणं टाकलं. त्यांचा काय दोष, पण हाताशी तेच होते.

मग त्यांना अख्खी सुरमई आणायला सांगितली. साफ करताना जन्मात पहिल्यांदा तिच्या पोटातली पिशवी चिरून पाहिली. आत तारल्या निघाल्या, चांगल्या लखलखीत. आजवर ते सगळं न बघताच फेकत आले! बाबांना हाक मारली. आम्ही दोघं सिंकपाशी उभे राहून कितीतरी वेळ बघत होतो. कोण कुठे कोणाचं पोट भरतं, देवालाच ठाऊक.

देवापुढे नारळ ठेवून नवसाची माफी मागितली आणि एक तुकडी तळून खाल्ली. खाताना रडले.

होकार कळव. जिथे पोटभर मिळतं तिथे लेकरू वाढतं. तुझी नदी इथेच आहे. बाबांचे आशीर्वाद, माझा लोभ होता तसाच. येशील तेव्हा ये, पण त्या माशासारखी उपाशी येऊ नकोस.

आई