आवडाबाई दरीत पडलेली नाही

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय वहिदा,

सप्रेम नमस्कार आणि सलाम. हा क्रम वर्णानुक्रमाने लावला आहे. त्यात दुसरा अर्थ शोधू नयेस.

अब्बांचा गुडघा कसा आहे? तुझ्या औषधाच्या दुकानासमोरचा खोदलेला रस्ता बुजवला, की गिऱ्हाईक अजून फळीवरून येते? माझे ठीक आहे. विभागात दोन जागा रिकाम्या असल्यामुळे संख्याशास्त्राचे जास्तीचे पेपर मीच शिकवते, आणि खरे सांगायचे तर ते प्रथमच नीट शिकवले जात आहेत.

एकाच शहरात, गारखेड्याहून रोशन गेटला पोस्टाने पत्र, याचे तुला हसू येईल. फोनवर लिहिले असते तर तू ते वाचलेस की नाही, हे दोन निळ्या खुणांनी मला सांगून टाकले असते. ते कळू नये, एवढ्यासाठी कागद.

निमित्त कामाचे आहे. ‘पात्रघर’ची नवी आवृत्ती तयार झाली. तिची शेवटची तपासणी मी विभागातच करत होते, तेव्हा आमचे मुख्य लिपिक तात्यासाहेब डोकावले. “मॅडम, ह्यो गेम मोबाईलवरच खेळायचा का?” मी त्यांना सांगितले की खेळ टेबलावर होतो. चार माणसे, थोडे फासे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. ती माणसे घडवायची आणि त्यांचे बळ, बुद्धी, जखमा, शिदोरी यांचा चोख हिशेब ठेवायचा, एवढेच माझे सॉफ्टवेअर करते. त्यांना ते एकदम पटले. “मग गोष्टीत तुम्ही कोण होता?”

वहिदा, ‘होता’ हे ‘होणे’चे वर्तमानकाळी रूप आहे आणि ‘असणे’चे भूतकाळीही. त्यांना कोणते अभिप्रेत होते, ते मी विचारले नाही. “वाटाड्या,” मी म्हणाले. “आवडाबाई नावाची.”

“लई झाक!” म्हणाले आणि चहाला गेले.

दिवाळीत संघपालचा फोन आला होता. सगळ्यांची कामे वाढली आहेत, गोष्ट सांगायला तयारी लागते, तेव्हा खेळ आता थांबवू या, असे तो म्हणाला. मी म्हटले, योग्य निर्णय आहे. गोकुळलाही शेंद्र्याच्या कारखान्यातून येऊन बसणे जड जातच होते. शिवाय माझ्या टेबलावर त्याला मोकळे वाटत नसे, हे मला दिसत होते. आठवते ना, घाटातला राक्षस समोर आलेला, संघपाल आवाज खोल काढून वर्णन करतो आहे, आणि मी गोकुळच्या कडूबा पहेलवानाच्या शिदोरीतला ‘पाणि’ दुरुस्त करायला सांगितला. “मॅडम, राक्षस म्होरं उभाय अन् तुम्ही वेलांटी बघताय?” तू हसून हसून फासे खाली पाडलेस. हसणे ठीक होते. पण वेलांटी दीर्घच हवी. माझे आजही तेच मत आहे.

असो. नव्या आवृत्तीविषयी सांगत होते.

तिच्यात शिदोरीचा विभाग अधिक भक्कम केला आहे. डिसेंबरमधल्या एका रविवारी संध्याकाळी तो बंद पडला होता. कडूबाने दोन बोकड विकत घेतले, आणि जिवंत जनावर शिदोरीत धरायचे की सोबत्यांत, हे माझ्या सॉफ्टवेअरला ठरवता येईना. त्रुटीची सूचना माझ्या पडद्यावर आली तेव्हा मी भाकरी करत होते. तवा उतरवला आणि दुरुस्ती केली. थोड्याच वेळात बोकड सोबत्यांत दाखल झाले. गोकुळ “चालू झालं बघा” असे म्हणाला असेल. संघपालने गोष्ट जिथे तुटली तिथून उचलली असेल. मी भाकरी पुन्हा टाकली.

म्हणजे तुला आता समजले असेल, की मला ठाऊक आहे.

मी मुद्दाम पाहायला गेले नव्हते. सॉफ्टवेअर माझे आहे, आणि कोणाचे पात्र केव्हा बदलले हे ते मला दाखवतेच. दिवाळीनंतर काही काळ सारे शांत होते. मग एका सोमवारी सकाळी तुझी नूरबी हकीम एक पायरी वर चढलेली दिसली. पुढच्या सोमवारी कडूबा. पैठणहून शेले घेऊन निघालेला आपला तांडा घाट उतरून बंदराजवळ पोहोचला आहे, एवढे मला तुमच्या शिदोरीतल्या सुक्या मासळीवरून कळते. कोणाच्या घरी बसता, ते कळत नाही. ते मी विचारणारही नाही.

आता चौथे पात्र आले आहे. खेळणाऱ्याचे नाव रिझवान. कोण ते मला माहीत नाही; तुझ्या नात्यातला असेल, संघपालचा मित्र असेल. पात्राचा व्यवसाय: वाटाड्या. ‘पूर्ववृत्त’ या रकान्यात त्याने ‘नंतर लिहू’ असे लिहिले आहे. आवडाबाईचे पूर्ववृत्त अकरा पानांचे होते, आणि तिचा डावा पाय का आखडतो याचे कारण नवव्या पानावर येते. तुम्ही तिघांनी ते वाचले होते की नाही, अशी शंका मला अधूनमधून येई.

एका तांड्याला दोन वाटाडे नकोत, हे तर्काला धरून आहे. म्हणून गोकुळने ‘पात्रघर’मध्ये जो अर्ज केला त्याचे मला नवल वाटले नाही. ‘आवडाबाई: मृत. कारण: दरीत पडली.’

वहिदा, वाटाडी आणि दरीत पडली! ज्या बाईला त्या घाटातला दगडन् दगड ठाऊक, जी पावसात तुम्हा सगळ्यांना दोर बांधून खाली घेऊन आली, ती चालता चालता दरीत पडली? ताप येऊ शकला असता. वाघ होता. संघपालच्या गोष्टीत दर मुक्कामाला वाघ असतो.

तो अर्ज तुझ्याकडे आला आहे, आणि तू त्याला उत्तर दिलेले नाहीस. हेही मला दिसते. या पत्राचे खरे निमित्त तेच.

पात्राच्या मरणाला संमती घेण्याचा तो नियम का केला, ते तुला आठवत असेल. तू मगरिबची नमाज पढायला आतल्या खोलीत गेली होतीस. परत आलीस तोवर नूरबीला साप चावला होता आणि गोकुळने उत्साहाच्या भरात ‘मृत’ दाबून टाकले होते. तू दारात कमरेवर हात ठेवून उभी! “अरे, नमाजला गेले होते मी, कबरीत नाही! और मैं यहां जिंदा खडी हूं! माणूस उठला की मारून टाकता का रे तुम्ही?” त्याच आठवड्यात मी ‘पात्रघर’मध्ये ‘ओळखणारा’ हा रकाना घातला. टेबलावरच्या दुसऱ्या कोणी तरी ‘होय, मी याला ओळखतो’ असे नोंदवल्याखेरीज पात्र पुरे होत नाही. आणि माणूस गैरहजर असताना त्याच्या पात्राला मृत ठरवायचे असेल, तर त्या ओळखणाऱ्याची संमती लागते. गोकुळ कुरकुरला होता, “मेलेलं माणूस आता सह्या गोळा करीत हिंडन व्हय?” पण तुला तो नियम आवडला. तुझी ओळखणारी मी झाले. आवडाबाईची तू.

तो अर्ज मी स्वतः फेटाळू शकते. मला सर्व अधिकार आहेत. रिझवानचा वाटाड्यासुद्धा मी एका ओळीत पुसून टाकू शकते. आज दुपारी अर्ज उघडून बसलेही होते. पण नियम गैरहजर माणसासाठी आहे, आणि गैरहजर मी आहे. माझ्या वतीने मीच उत्तर दिले, तर नियमाला अर्थ राहत नाही. सबब ते तुलाच द्यावे लागेल. दोन्ही बटणे चालतात. मी तपासली आहेत.

‘होय’ दाबणार असशील, तर एवढेच कर, कारण बदलून घे. मरण मी मान्य करीन. दरी नाही.

आणि ‘नाही’ दाबलेस, तर आवडाबाई घाटातच आहे, मागे राहिली आहे. पाय आखडतो, म्हणून तिला वेळ लागतो. बंदराची वाट तिला माहीत आहे, पण तांडा नसेल तर वाटाड्याला वाट माहीत असून काय उपयोग, हा प्रश्न मी नवव्या पानावरही सोडवू शकले नव्हते.

अजून एक बदल राहिला. ‘दार्ढ्य’ हा शब्द काढून त्या जागी ‘काटकपणा’ घातला आहे. गोकुळ वर्षभर मागत होता आणि मी कोश काढून दाखवत होते. त्याला कारण सांगू नकोस. नवीन आवृत्तीत आपोआप आले, असे म्हण.

तुम्ही येत होता तेव्हा जेवणाचे टेबल मोठे करायला मधली फळी बसवत असू. ती मी अजून काढलेली नाही. एका बाजूला वह्या ठेवते, उरलेल्या बाजूला जेवते. ती काढायला दोन माणसे लागतात.

अब्बांना माझा आदाब सांग. उत्तर कागदावर पाठवण्याची गरज नाही. तू कोणतेही बटण दाबलेस, तरी मला इथे दिसेल.

तुझ्याच ओळखीची,
सुरेखा