ओटीपी कोणालाच सांगू नये

अमरावती,
१० जुलै २०२५

ती. बाबांना,
प्रणालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

घरोघरी मोबाईल असताना मला पत्र लिहावं लागतंय, याचं श्रेय सगळं तुमचं. वॉर्डातल्या त्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यापासून तुम्ही माझाही फोन कापता. निदान अक्षर तरी ओळखाल.

पायाचा अंगठा बरा आहे. प्लास्टर अजून काही दिवस राहील, म्हणून अकोल्याला येता येत नाही. आत्या मला खाटेवरून उतरू देत नाही आणि ज्या दगडानं अंगठा मोडला तो तिनं नालीत फेकून दिला. फार चांगला दगड होता, आत स्फटिक होते.

आता कामाचं. परीक्षेचा निकाल छान लागला. बनारसच्या विद्यापीठात मला भूगर्भशास्त्राला जागा मिळाली आहे. दिल्लीची यादी पुढच्या शनिवारी, एकोणीस तारखेला लागेल. माझं मन दिल्लीवर आहे, पण तिथलं काही सांगता येत नाही, म्हणून बनारसची जागा धरून ठेवायची आहे. तिची मुदत येत्या सोमवारच्या संध्याकाळपर्यंत. फॉर्म भरताना तुमचाच नंबर दिला होता. कुलदीपदादाच्या लॅपटॉपवर मी बटण दाबलं की तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल. मी फोन करीन, तुम्ही आकडा वाचून दाखवायचा. एवढंच.

आई वरूडला मामीच्या बाळंतपणाला गेली नसती तर तिनंच वाचून दाखवला असता. तुम्ही जेवण वेळेवर करता ना? नुसत्या चिवड्यावर राहू नका.

लोभ आहेच, संशय तेवढा कमी करावा.
तुमची (खरी)
प्रणाली

*

जुने शहर, अकोला,
१२ जुलै २०२५

चि. प्रणालीस,
शालिकरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. जुन्या वह्या काढून अक्षर ताडून पाहिले. तूच आहेस.

काल दुपारी तुझ्या आवाजात एका मुलीचा फोन आला होता. आवाज हुबेहूब. मी सावध झालो आणि तिला विचारले की आपल्या दुकानात पंख्या-पंपांच्या मोटारी बांधायला तांब्याची तार कुठून येते. ती हसायला लागली. माझी मुलगी गंभीर प्रसंगी हसत नाही, म्हणून फोन ठेवला. नंतर तिने व्हिडिओ लावला. आजकाल चेहरेसुद्धा नकली काढतात, हे आम्हाला कार्यक्रमात सांगितले आहे. तरी पण पायाचे प्लास्टर अगदी खऱ्यासारखे दाखवले होते. कौतुक वाटले.

ओटीपी आला. त्याच्यासोबत स्पष्ट लिहिले होते की हा आकडा फोनवर कोणालाही सांगू नये. पत्राने सांगू नये असे कुठेही लिहिलेले नाही. मी दोन वेळा वाचून खात्री केली. तेव्हा आकडा सोबतच्या चिठ्ठीवर लिहून, तिला मोटारीची पिवळी टेप गुंडाळून स्पीड पोस्टाने पाठवत आहे. वाचून झाल्यावर चिठ्ठी फाडून टाकावी.

बनारस मला पसंत आहे. नाव लहानपणापासून ऐकलेले आहे. दिल्लीत माणसे भांडणात पटाईत असतात असे समोरचा पुंजाराम म्हणतो. तसे पाहिले तर आपल्या अकोल्यात शेतकी विद्यापीठ आहे. सकाळी सायकलने जावे, दुपारी घरी जेवायला यावे. दगडच शिकायचे तर मोर्णा नदीच्या काठाला काय कमी आहेत? पण मी काही म्हणत नाही.

साधनाताईस नमस्कार सांगावा. तिचाही फोन आला होता. ती खरी होती असे आता वाटते, कारण फार शिव्या दिल्या.

आशीर्वाद कायमचे आहेत, त्यांना मुदत नाही.
तुझा
बाबा

*

अमरावती,
१९ जुलै २०२५
(कुलदीपच्या हातानं)

शालिक,
आशीर्वाद, पण आज थोडेच.

तुह्यं पत्र मंगळवारी भेटलं. बनारसची मुदत सोमवारी सरली. चिठ्ठीची टेप काढता काढता माह्या पोरानं कैची मोडली, आन् आतमधी निघाला तो मेलेला आकडा. अरे, ओटीपी धा मिनिटं जगते रे! तू त्याले पोस्टानं पाठवला, वरून स्पीड पोस्टानं! तुले जे विद्यापीठ पसंत होतं, तेच तू घालवलं. पोरीले मी विचारलं तं ती म्हणाली की बाबांवर रागवू नको. मंग पाय टेबलावर ठेवून दिवसभर भिंतीकडे पाहत बसली. 

आता ऐक. दिल्लीची यादी आज लागली. तिचं नाव हाय. दूरदूरच्या पोरांत आपल्या मोटारवाल्याच्या पोरीले दिल्लीनं भूगर्भशास्त्राले घेतलं. बातमी ऐकून मी शेजारच्या माणिकबाईले पेढे दिले, जिनं तिच्या पोराच्या पुण्याच्या प्रवेशाचं वर्षभर आमाले ऐकवलं होतं. तिनं पेढा खाल्ला, पण तिचं तोंड गोड झालं नाही.

जागा सोमवारपर्यंतच धरता येते. ओटीपी तुह्याच मोबाईलवर येईल. हे गेलं तं पोरीचं वर्ष गेलं. कुलदीपले पाठवून राहिली. तू त्याले आकडा सांगणार नाही हे मले ठाऊक हाय. म्हणून आकडा नको सांगू, तूच ये. मोबाईल घे, त्याच्या मागे गाडीवर बस आन् ये. दुकान एक दिवस बंद राहिलं तं अकोल्याचे पंखे काही पडणार नाहीत.

आन् एक सांगते. तुले सायबरचं भेव नाही. पोरगी दूर जाईल, याचं भेव हाय तुले. मी तुह्याहून मोठी हाय, मले समजते. माह्या लग्नात पाठवणीच्या वेळी तूच ट्रॅक्टरची चावी लपवली होती.

ये. वांग्याची भाजी करून ठेवते.
तुही ताई,
साधना

*

अमरावती,
२१ जुलै २०२५

ती. आईला,
शि. सा. नमस्कार. मामी आणि बाळ ठीक असतील.

आई, झालं! दिल्ली पक्की झाली. फोनवर एका वाक्यात सांगितलं असतं, पण काल जे झालं ते तुला सविस्तर कळायला हवं, आणि बाबा समोरच बसले आहेत. तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर शाबासकी दिली.

काल सकाळी बाबा कुलदीपदादाच्या गाडीवरून आले. पूर्ण रस्ता एक हात खिशावर, मोबाईल धरून. मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबले तेव्हासुद्धा डाव्या हातानंच प्यायले म्हणे. आल्या आल्या त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. मला, दादाला, आत्याला. आत्यानं मान फिरवली, पण तोंड चालूच ठेवलं.

मी बटण दाबलं. ओटीपी आला. बाबा तो स्वतः टाइप करणार होते, पण आकडा कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी मोबाईलवर हात धरला, त्यामुळे त्यांनाच दिसेना. मग कळलं, चष्मा अकोल्यालाच राहिला. एका बोटानं अंदाजे टाइप करेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांनी आत्याचा चष्मा लावला आणि लॅपटॉपऐवजी दादाच्या कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला. आत्या म्हणाली की अशानं पोरगी कॅल्क्युलेटरच्या विद्यापीठात जाईल.  वेबसाइटनं सांगितलं की आता एकच संधी उरली आहे.

तिसरा आकडा आला, आणि बाबा तसेच उभे राहिले.  मी मागे वळून पाहिलं, तर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं की तिथं गेल्यावर दगड उचलताना बूट घालशील का. मी घालीन म्हटलं. मग त्यांनी वाकून माझ्या कानात आकडा सांगितला.

पण आई, तुला माहीत आहे, जन्मभर मोटारींच्या आवाजात काम केलेल्या माणसाचं कुजबुजणं कसं असतं. भिंतीपलीकडून माणिकबाईंनी तोच आकडा मोठ्यानं परत म्हणून दाखवला आणि विचारलं की शेवटी सहा की नऊ. बाबा ओरडून म्हणाले, नऊ! मी नऊ दाबला. जागा पक्की झाली.

नंतर बाबा जेवायला बसले. वांग्याची भाजी दोनदा घेतली. मग विचारलं की दिल्लीत थंडी असते का, आणि दादाला घेऊन राजापेठेत स्वेटर आणायला गेले. जुलैत स्वेटर कोण विकणार? शेवटी दोघं एक जाड सतरंजी घेऊन आले. म्हणे अंगावरही घेता येते.

तू लवकर ये. मला तुझ्या हातानं सामान भरून हवं आहे.
तुझी, आता निम्मी दिल्लीची,
प्रणाली

*

जुने शहर, अकोला,
१७ ऑगस्ट २०२५

चि. प्रणालीस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

होस्टेलच्या खिडकीचा फोटो मिळाला. खिडकीला जाळी आहे हे पाहून समाधान वाटले. सोबतची मणिपूरची मुलगी चांगली दिसते. ती भात खाते म्हणतेस, तर तिला एकदा ठेचा देऊन पाहा, पण आधी सांगून दे.

गल्लीत सगळे विचारतात की पोरगी काय शिकून राहिली. मी दगड म्हणतो. लोक वाईट वाटल्यासारखे करतात. पुंजाराम म्हणाला की दिल्लीपर्यंत जाऊन दगडच? मी त्याला दुकानात बसवून सांगितले की आपल्या पायाखालचा सगळा काळा खडक लाव्हा थंड होऊन झालेला आहे, तू सांगितले होतेस तसेच. तो घाबरला. घरी जाऊन त्याने पाय वर घेऊन जेवण केले, असे त्याच्या बायकोने सांगितले.

तुझी आई वरूडहून आली आणि तुला गाडीत बसवून आम्ही दोघे घरी आलो, त्या दिवशी तिने सवयीने तिघांच्या भाकरी केल्या. तुझ्या वाटची कोणी खायची, यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली तुम्ही खा, मी म्हटले तू खा. शेवटी अर्धी अर्धी केली. दुसऱ्या दिवशी तिने परत तिघांच्याच केल्या.  रोज तसेच चालू आहे. काल पँटची कंबर ढिली करायला टेलरकडे टाकली. त्याने विचारले की तब्येत सुधारली काय. मी म्हटले, पोरगी दिल्लीले शिकते, तिचं जेवण आमी सांभाळून राहिलो.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या वाटचे तू खावे.
वाट पाहणारा,
बाबा