संदर्भावरून तेलुगू

३ फेब्रुवारी
लॉजच्या काउंटरवरचं पेन दोरीला बांधलेलं आहे, आणि दोरी सोडलीय पाहुण्यांच्या बाजूला. शिर्डीत एखाद्या सुशिक्षित माणसाला तेलुगू शिकायचं असेल, तर महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायला त्याने काउंटरवर आडवं पडायचं. ऱ्हास म्हणतात तो हाच.

कारभारीशेठ म्हणाले, आंध्रवाल्यांच्या चिठ्ठ्या जो वाचील त्याला दिवसपाळीचं काउंटर कायमचं. दुसऱ्याला गच्चीवरच्या चादरी. स्पर्धेत मी आणि रुपाली. म्हणजे मीच.

५ फेब्रुवारी
मुळाक्षरं सोडली. सगळ्यांची पोटं सुटलेली, डोळा घसरतो. यूट्यूबवरचे सर म्हणतात, अक्षराला चिकटू नका, संदर्भावरून अर्थ ओळखा. आणि वाचताना स्वतःला विचारत राहा, मला कळतंय का? विचारलं. हो म्हणालो.

६ फेब्रुवारी
रुपाली चिठ्ठीवर मोबाईल धरते, नाहीतर सरळ पाहुण्यालाच विचारते. विचारणं म्हणजे शरणागती. तसं सुनावलं. म्हणाली, भागवतकाका, तुमी वाचता का भविष्य सांगता? उद्धट. मी बी.कॉम. आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
चार नंबर खोलीतल्या तेलुगू आजोबांनी हात जोडून, हसून चिठ्ठी दिली. हात जोडले म्हणजे आभार. हसले म्हणजे खूश. शेवटी आकडा ३. म्हणजे पाचपैकी तीन! यांना मी जास्तीची उशी दिली होती. स्वतःला विचारलं, कळलं का? पुरतं कळलं. कृतघ्न लोक. उद्या गिझर आठनंतर.

९ फेब्रुवारी
चिठ्ठीत होतं, बायकोला काकड आरतीला न्यायचंय, पहाटे ३ ला उठवा. रुपालीने मोबाईल धरून मोठ्याने वाचलं. लॉबीत. शेठसमोर. आजी पायरीवर बसून डोळे पुसत होती. आरतीचे पास वाया गेले, आता आजची परतीची गाडी सोडून उद्यासाठी थांबणार.

मी म्हणालो, चिठ्ठीची मांडणीच संदिग्ध आहे. रुपाली म्हणाली, काका, आजीच्या तोंडाकडं बघा, ते तरी वाचता येतंय का?

आलं.

१० फेब्रुवारी
काउंटर रुपालीला. गच्चीवर ऊन चांगलं असतं.

पहाटे तीनला चार नंबर खोलीचं दार मी वाजवलं. गिझर आधीच लावला होता.

त्यांच्या बिलात जादा दिवसाचं भाडं चढलं होतं. रुपाली जेवायला गेल्यावर शेठना ते माझ्या पगारातून कापायला सांगितलं. कुणी विचारलंच, तर तेलुगूच्या क्लासची फी.