टिनातलं भोक आणि सूर्याचे डाग

९ मार्च १९७९

...तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सकाळची कामं रोजचीच. सडा टाकून झाला होता, नळ जायच्या आत घागरी भरून ठेवल्या होत्या, आत तुरीचं वरण शिजत होतं. हे छपराच्या टिनावर चढून रेडिओची एरियल बांधत होते. खिळा भलत्याच जागी ठोकला, मग उपटला, आणि वरूनच ओरडून सांगितलं, "भोक पडलं बरं का. उद्या डांबर लावतो." मी म्हटलं, "बरं." रात्री छातीत कळ आली. पहाटे गेले. पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

हे लिहायचं कारण एवढंच, की वहीची सुरुवात कुठूनतरी करावी लागते. ही वही रडण्याची नाही. ही ऑब्झर्वेशनची वही आहे.

वाचनालयातून सूर्यावरचं पुस्तक आणलं आहे. सूर्यावर काळे डाग असतात. ते अकरा-एक वर्षांनी फार वाढतात, आणि सध्या वाढतीचेच दिवस आहेत. त्याच पुस्तकात लिहिलं आहे की बारीक भोकातून जमिनीवर कवडसा पडतो तो नुसता उजेड नसतो, सूर्याचं चित्रच असतं. म्हणजे नंदनवन वस्तीतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी एक खोली वेधशाळाच आहे. आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही.

प्रोग्रॅम: रोज दुपारी कवडशाखाली पांढरा पुठ्ठा ठेवायचा. गोल काढायचा. डाग टिपायचे. वर्षाअखेर रिपोर्ट करून वेधशाळेला पाठवायचा. एकही दिवस खाडा नाही.

१० मार्च

ढग.

१४ मार्च

डाग दिसला! गोलाच्या कडेला, काळा, ठळक. पेन्सिल आणायला उठले. परत येईपर्यंत डाग मधोमध आला होता. पुस्तकाप्रमाणे ह्या प्रवासाला आठवडा लागतो. वाकून पाहिलं. मुंगी.

१५ मार्च

पाहुणे. खाडा.

१६ मार्च

पाहुणे गेले, त्याचा शीण. खाडा. उद्यापासून नक्की.

३० मार्च

नवीन पंचांग आणलं. पुढच्या १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण आहे, दुपारी, आपल्याकडून दिसणारं. म्हणजे भोक बुजवण्याचा प्रश्नच मिटला. ग्रहणापर्यंत ते उघडं राहिलंच पाहिजे. कारण सायंटिफिक आहे.

शेजारच्या तुळसाबाईंना हे सांगितलं. त्यांनी माझी रव्याची चाळणी मागितली.

११ एप्रिल

यांचं वर्षश्राद्ध झालं. धाकटे दीर रुपराव भाऊजी अजनीहून सहकुटुंब आले होते. जेवताना त्यांच्या वरणाच्या वाटीत कवडसा पडला. त्यांनी मान वर केली.

"वयनी, हे भोक अजून तसंच हाये? काहून?"

मी सूर्याच्या डागांविषयी थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे ताक होईपर्यंत. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पन पावसाचं कसं कराल? मी नत्थूजीले पाठवतो. डांबर लावाचं काम, दहा मिनिटं बी नाई लागत."

मी म्हटलं, बाजारात सध्या चांगलं डांबर मिळत नाही.

ते खाटेखाली वाकले आणि डबा ओढून बाहेर काढला. भोक पडलं त्याच दिवशी संध्याकाळी यांनी सीताबर्डीवरून आणलेला, डांबराचा. झाकणही उघडलेलं नाही.

"हे काय हाये मंग?"

मी म्हटलं, ते जुनं आहे. जुनं डांबर धरत नाही असं वाचलं आहे. (कुठे वाचलं ते आठवत नाही. शोधून ठेवावं.) शेवटी ठरलं की ग्रहण झालं की बुजवायचं. भाऊजींनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं ताटाकडे.

डबा परत खाटेखाली नीट सरकवला.

१९ एप्रिल

उन्हाचा फार तडाखा. ऑब्झर्वेशन चालू असताना तुळसाबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काहून वं सुमती, डोयाले पानी काहून?"

मी म्हटलं, सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांना हा त्रास होतोच.

"पन तू त सूर्याकडं पाहूनच नाई राह्यली. खाली पाहून राह्यली."

पुठ्ठा फार पांढरा आहे, हे त्यांना पटवून देणं कठीण गेलं.

२३ मे

ह्या दिवसांत सूर्य थेट डोक्यावर येतो. आज दुपारी कवडसा बरोबर भोकाच्या खाली पडला. खाटेजवळ, यांची उशी असायची तिथे. वेध उत्तम झाला. डाग आढळले नाहीत. पुठ्ठा उडतो म्हणून पंखा बंद करून बसले होते. तुळसाबाईंनी खिडकीतून विचारलं, जिवंत हायेस काय.

दुपारी तीन ते पाच: आकडेमोड. (ही रोजच असते. खाटेवर पडून केलेली बरी पडते.)

२६ जून

पाऊस. भोकाखाली बादली ठेवली आहे. सुरुवातीला वाईट वाटलं, मग बादलीला आतून खडूनं खुणा केल्या. आता पर्जन्यमापनही सुरू झालं. एका भोकात दोन खाती.

२७ जून

खडू धुऊन गेला.

११ जुलै

गावभर स्कायलॅबचा धसका. अमेरिकेचं ते लोखंडी धूड आकाशातून खाली येतं आहे आणि कुठे पडेल ते कोणालाच ठाऊक नाही. तुळसाबाईंच्या घरी सकाळपासून श्रीखंड-पुरी आहे, मरायचंच तर खाऊन. मला वाटीभर पाठवलं.

मी सर्वांना समजावून सांगितलं: सूर्यावर डाग वाढले, त्यामुळे वरची हवा तापून फुगली, त्या हवेत अडखळून स्कायलॅब लवकर खाली येतं आहे. म्हणजे मी ज्याचा अभ्यास करते आहे त्याचाच हा परिणाम. मोहल्ल्यात पहिल्यांदाच माझ्याकडे लोकांनी आदरानं पाहिलं. मग तुळसाबाई म्हणाल्या, "म्हंजे तुलेच आधी सोडाव लागंल घर. आमच्या टिनाले त त्याले भोक पाडाव लागंल. तुह्याकडं त आयतं हाये."

सगळे फार वेळ हसले.

रात्री भाऊजी छत्री घेऊन आले. वयनी एकट्या कशा राहतील म्हणून. खाट त्यांना दिली. ते बादलीतली टपटप ऐकत अजून जागेच आहेत. मला तर ती ऐकूच येत नाही आता. उलट पाऊस थांबला की जाग येते.

१२ जुलै

स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडलं. भाऊजी चहा पिऊन गेले. जाताना भोकाकडे एकदा पाहिलं आणि चप्पल घातली.

४ ऑक्टोबर

आकाश निवळलं. तीन महिन्यांचा खाडा हा खाडा धरलेला नाही, तो निसर्गाचा. आता कडक शिस्त.

१९ नोव्हेंबर

अखेर! डाग आहे, आणि मुंगी नाही. फुंकून पाहिलं, हलत नाही. गोलाच्या उजव्या अंगाला, पिवळसर काळा.

२२ नोव्हेंबर

चौथा दिवस. डाग जिथल्या तिथे! पुस्तकाप्रमाणे डाग सूर्याबरोबर फिरतात. हा फिरत नाही. पुस्तकात असा डाग नाही. कोणत्याच पुस्तकात नसावा. वेधशाळेसाठी पाकीट आणलं. डागाला नाव देण्याची पद्धत असते काय, ते पाहायला हवं. यांचं नाव देता आलं असतं, पण उगाच कोणी चौकशी करेल.

२३ नोव्हेंबर

तुळसाबाईंना शोध दाखवला. त्यांनी पुठ्ठा उचलला. डागही त्याच्याबरोबर वर गेला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हे त फोडनी व्हय. मोहरी बी हाये वं यात."

पुठ्ठा बदलला. पाकिटातून भाऊजींना दिवाळीचं उशिराचं पत्र पाठवलं. तुळसाबाईंनी माझी चाळणी अजून परत केलेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

२ जानेवारी १९८०

वर्षाचा रिपोर्ट: सूर्यावर डागांची रेलचेल असल्याचं सर्व पुस्तकं सांगतात. माझ्या निरीक्षणात एकही नाही. दोन्हींतलं एक चूक आहे. घाईनं मत देऊ नये. वेधशाळेला ग्रहणानंतरच लिहीन. ग्रहण हीच खरी परीक्षा.

५ फेब्रुवारी

ग्रहणाला मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावलं. आधी कोणी तयार होईना. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, वर पाहायचं नाही. मी सांगितलं, माझ्याकडे वर पाहायचंच नाही, घरात सतरंजीवर बसून खाली पाहायचं आहे. हे सगळ्यांना पसंत पडलं. रंभाबाईंनी तर विचारलं, चहा राहील काय. म्हटलं, ग्रहणात चहा कसा? त्या म्हणाल्या, "मंग सुटल्यावर."

भाऊजींनी नत्थूजीला निरोप दिला आहे. तो टिनाचं काम करतो. ग्रहण पाहायलाही येईल आणि भोकाचं मापही घेईल. शब्द दिला आहे, तेव्हा येऊ दे.

१५ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. नवा पुठ्ठा. खोली सारवली. कवडसा रोज जिथे पडतो तिथे रांगोळीनं चौकोन आखला. भोवती सतरंजी.

यश निश्चित आहे.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी

सर्व जमले होते. आठ-नऊ बाया, नत्थूजी दाराशी. दारं-खिडक्या लावून काळोख केला. मी दोन शब्द बोलले. मग आम्ही सगळ्या चौकोनाकडे पाहत बसलो.

चौकोनात काही नव्हतं.

रंभाबाई म्हणाल्या, "पूर्न गियला काय वं सूर्य?"

मी वर्षभर वेध घेतले ते बाराच्या सुमाराचे. ग्रहण लागलं तिसऱ्या प्रहरी. तिसऱ्या प्रहरी कवडसा कुठे जातो, हे मी एकदाही पाहिलेलं नाही, कारण ती आकडेमोडीची वेळ. सगळ्या सतरंजी उचलून शोधू लागल्या. कोणी खाटेखाली पाहिलं. नत्थूजी म्हणाला, "माय, अंधारात असं कराल त विंचू गवसंल."

तेवढ्यात अंगणातून तुळसाबाईंची हाक आली. त्या उशिरा निघाल्या होत्या आणि ग्रहणाची सावली अंगावर पडू नये म्हणून डोक्यावर चाळणी धरून येत होत्या. माझीच चाळणी. आम्ही दार उघडलं. अंगणात त्या उभ्या, आणि त्यांच्या पदरावर, पोटावर, पायांवर, पुढच्या मातीवर उजेडाच्या बारीक बारीक कोरी. शेकडो. प्रत्येक भोकाचा एक सूर्य, आणि प्रत्येक सूर्य कुरतडलेला.

"पाह्य वं सुमती," त्या म्हणाल्या, "तू एका भोकाले वर्षभर सांभायत बसली. मी त डोक्यावर शंभर घेऊन आली!"

मग काय, कोणी टोपली आणली, कोणी बोटांची जाळी करून पाहिलं. घराबाहेर न पडणाऱ्या सगळ्या अंगणात. रंभाबाईंनी नत्थूजीच्या टकलावर ग्रहण पाडलं. मी सगळ्यांना कारण समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

पुठ्ठा आणायला आत गेले. तेव्हा कवडसा दिसला. कपाटावर रेडिओ आहे, कापडाखाली झाकलेला. त्या कापडावर एकच कोर, नखाएवढी, तिरकी. हळूहळू सरकत होती. बाहेरून हाका येत होत्या. मी कापड काढलं. मग कोर रेडिओच्या जाळीवर आली. जाळीवरून भिंतीवर गेली तोवर मी तिथे होते.

ग्रहण सुटलं. आंघोळी झाल्या. रंभाबाईंनी चहा घेतलाच.

नत्थूजी थांबला होता. टोपी हातात घेऊन म्हणाला, "माय, झालं न आता तुमचं गरहन? शिडी आनू?"

मी म्हटलं, "उद्या."

बोलल्यावर लक्षात आलं, हा शब्द ह्या घरात कोण म्हणालं होतं.

रात्री पुस्तक चाळलं. चाळणीचं सगळं तेराव्या पानावर दिलेलं आहे. कोणतंही भोक चालतं, असंही आहे. खाली पेन्सिलची रेघ ओढली आहे. पेन्सिल माझी आहे.

१८ फेब्रुवारी

ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी डबा बाहेर काढला. डांबराचा दगड झाला होता. शेगडीवर ठेवून पातळ केलं. नत्थूजी म्हणाला, तुम्ही कशाला चढता, पडाल. त्याला शिडी धरायला लावली. वर एरियलची तार अजून तशीच आहे. भोक होतं त्यापेक्षा लहान वाटलं. डांबर लावलं, वरून टिनाचा तुकडा दाबला आणि उतरले. नत्थूजीला चहा दिला. तुळसाबाईंकडून चाळणी आणली. आत उजेड कमी वाटला, म्हणून ताट घेऊन ओट्यावर बसले आणि तांदूळ निवडले.