सुताने कापलेल्या कण्या

बाबा, तिकडे जे जे खाशील ते लिहून आणजो, असं तुम्ही मला अकोल्याच्या स्टेशनावर सांगितलं होतं, आणि मी ते लिहून आणलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. काळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी ती फारशी उघडली नाही, कारण तिच्यातली शेवटची नोंद परदेशातली नाही, रिठदच्या आपल्या घरातली आहे, आणि ती अपुरी आहे. लिहिली तेव्हाच मला ते माहीत होतं. ती पुरी करायची म्हणून आज बसलो आहे. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, एकदम शेवटच्या पानावर जाणं मला जमत नाही. पहिल्यापासून येतो.

पहिलं म्हणजे तुमचं वाढणं. आसपासच्या चार गावांत लग्न असलं की तुम्हाला वाढायला बोलावणं यायचं. स्वयंपाक कोणीही करो, बुंदीचं टोपलं तुमच्याच हाती. तुम्ही ओणवे होऊन पंगतीतून असे सरकायचे की समोरच्याला नाही म्हणायला फुरसत मिळू नये. मी मराठी सहावीत असताना एका पंगतीत वरणाची बादली माझ्याकडे आली. एक म्हातारे गृहस्थ नको म्हणाले आणि मी पुढे सरकलो, तेव्हा तुम्ही मागून माझा सदरा धरून मला परत ओढलं. साऱ्या पंगतीसमोर म्हणालात, "त्याच्या तोंडाकडे काय पाहून राह्यला? हाताकडे पाह्य." म्हाताऱ्याचा हात मांडीवर होता. मी वरण वाढलं आणि त्यांनी ते भुरकून खाल्लं. रात्री घरी भाकर थापताना तुम्ही मला नीट समजावलं. आई गेल्यापासून भाकरी तुम्हीच थापायचे. माणूस दोनदा-तीनदा नाहीच म्हणते, पोट खरंच भरलं असलं म्हणजे हात आपोआप ताटावर आडवा येते, तो आला नाही तोवर वाढत जाय, असं तुमचं म्हणणं. आणि पाहुणा म्हणून बसलो तर कसं वागायचं तेही तुम्हीच शिकवलं. मामाच्या घरी पहिल्याच विचारण्याला मी ताट पुढे केलं होतं. परतताना बैलगाडीत तुम्ही एवढंच विचारलंत, "तुले घरी कोणी उपाशी ठेवते काय?" त्या दिवसापासून मी दोनदा नाही म्हटल्याशिवाय कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

माझं शिक्षण इंग्रजी पाचवीला सुटलं. तरी वाशीमच्या कापसाच्या जिनात यंत्राच्या पट्ट्या आणि दातेरी चाकं माझ्या हाताला वळली, आणि अक्षर चांगलं, शुद्धलेखन चोख, म्हणून जिनाचे मालक शेटजी पत्रं माझ्याकडूनच लिहवून घेत. यंत्रं बनतात त्या मुलखात जाऊन त्यांचं काम शिकून यायला त्यांचा पुतण्या जायचा होता, पण ऐन वेळी त्याने समुद्राची धास्ती घेतली. नाव माझं निघालं. खरं तर धास्ती मलाही होती. तुम्ही गाडी जुंपून वाशीमपर्यंत आलात आणि तिथून मोटारीने माझ्यासोबत अकोल्यापर्यंत. दशम्या, जवसाची चटणी, मुगवड्या असं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात की जे मिळेल ते खाय पण उपाशी राहू नको, आणि काय काय खाल्लं ते लिहून आणजो, मले वाचून दाखवजो.

आता पहिली नोंद. बोटीतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरून आगगाडीत बसलो आहे. बाक लाकडी. गाठोडं सामानाच्या डब्यात गेलं आहे, आणि फलाटावर उतरून काही विकत घ्यावं तर गाडी सुटेल ही भीती. दर थोड्या वेळाने मी खिशातलं तिकीट चाचपतो. समोर एक शेतकरीण म्हातारी बसली आहे, डोक्याला काळा रुमाल. ती मांडीवर फडकं पसरते, लाकडाच्या ओंडक्याएवढा पाव काढते, चीज काढते, उकडलेली अंडी काढते. पावाचा एक तुकडा कापून त्यावर चीज ठेवते आणि माझ्यापुढे धरते. मी छातीला हात लावून मान हलवतो. पोटात कालपासून काही नाही. ती हात मागे घेते आणि तो तुकडा स्वतः खाते. मी वाट पाहतो. ती अंडं सोलते. आता विचारेल, असं मला वाटतं. ती अंडं खाते, फडकं खिडकीबाहेर झटकते, घडी घालते आणि डोळे मिटून घेते. बाबा, त्या दिवशी वहीत मी लिहिलं, "पाव, चीज, अंडी. खाल्ली नाहीत. एकदाच विचारलं."

त्या गावात, जिथे मी दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी यंत्रांच्या आकृत्या काढायच्या वर्गात जायचो, मी एका विधवा बाईच्या घरी राहत होतो. आम्ही दोघे विद्यार्थी तिच्याकडे जेवायचो, मी आणि एक इटलीचा. बटाटे, कोबी, रविवारी मटण. तेही कशाचं आहे हे विचारून मगच मी घेई, आणि ते विचारायचं वाक्य मी कागदावर लिहून पाठ केलं होतं. ती बाई भांडं हाती घेऊन एकदा विचारी. मी नको म्हणे. भांडं दुसऱ्या बाजूला जाई आणि इटलीचा पोरगा ते रिकामं करी. मग खोलीवर जाऊन मी जवसाची चटणी बोटाने चाटायचो. आठवड्याने त्या बाईने मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं की तिच्या हाताला चव नाही का. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्या इटलीच्या पोराने मला जिन्यात गाठून समजावलं की इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. कान असे तापले की जणू मी कोणाच्या घरातून काही उचलून नेत होतो. बटाटे गरम होते, वरून लोणी घातलेलं. पुढे सवय झाली. नंतर तर ते मला बरंही वाटू लागलं. एकदा विचारावं, एकदा सांगावं, आणि मोकळं व्हावं.

दोन वर्षांनी परतीची बोट इटलीतून होती, म्हणून तो मित्र मला आधी आपल्या गावी घेऊन गेला. मक्याची शेतं, तुतीची झाडं, शेणाचा वास. त्याच्या आईने चुलीवरच्या तांब्याच्या भांड्यात मक्याचं जाड पीठ शिजवलं, काठीने घोटत घोटत, आणि ते सगळं एका लाकडी पाटावर ओतलं. मी पाहतच राहिलो. आपल्या ज्वारीच्या कण्याच त्या, फक्त पिवळ्या. मग तिने सुताचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि त्याच्या वड्या कापल्या. सोबत शिजवलेल्या शेंगांचे दाणे आणि दूध. मी दोन वड्या खाल्ल्या आणि नको म्हणालो. तिथे त्याचा बाप बसला होता, तुमच्याच वयाचा, बोटांना तशाच भेगा. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, आणि तिसरी वडी घातली. मग चौथी. मी त्या दोन्ही खाल्ल्या. वहीत लिहिलं आहे, "बाबा, इथे तुमच्यासारखा एक माणूस आहे." आता चाललेल्या लढाईत तो मुलूख शत्रूचा झाला. पेपरात तिकडच्या गावांची नावं येतात. त्याचं गाव त्यांत आहे का, ते मी दर वेळी शोधतो.

मी घरी आलो तेव्हा तुम्ही खाटेला लागला होता. छातीत कफ, अंगात काही उरलं नव्हतं. शेजारची काकू तुम्हाला पेज करून द्यायची आणि तुम्ही दोन घोट घेऊन पुरे म्हणायचे. मी वही काढली आणि रोज थोडी थोडी वाचून दाखवली. फ्रान्सच्या म्हातारीवर तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "एकदाच इचारते? मंग तिकडचे लोक जेवते कसे?" इटलीच्या वड्यांचं पान तुम्ही दोनदा वाचायला लावलंत, आणि मग म्हणालात, "सुतानं कापते? मले करून दाखव बरं एक डाव."

दुपार होती. मी ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवल्या, काठवट उलटी करून तिच्या पाठीवर ओतल्या, आणि तुमच्या गोधडीचा दोरा काढून, धुऊन, ताणून वड्या कापल्या. तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि डोळे एखाद्या पोरासारखे लावून बघत होता. एक वडी दुधात कुस्करून मी तुम्हाला चमच्याने भरवली. घासाला फार वेळ लागत होता. पण तुम्ही ती सगळी खाल्ली. काकू म्हणाली की महिन्याभरात एवढं अन्न पोटात गेलं नाही. मी विचारलं, "बाबा, अजून घालू?" तुम्ही म्हणालात, "नोको." मी वाटी उचलली, तुमचं तोंड पुसलं आणि निघालो. जिनात नवीन यंत्र त्या दिवशी उभं व्हायचं होतं आणि शेटजींची मोटार गावाबाहेर येऊन थांबली होती. उरलेल्या कण्या काकूने गाईला घातल्या. त्यानंतर तुम्ही पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेलात.

तेरवीला मी वाढत होतो. पंगतीतले एक म्हातारे, तेच वरण भुरकणारे, मला ऐकू जाईल असं शेजाऱ्याला म्हणाले, "विलायतीहून आला न, एकदाच इचारते अन् चालला पुढे. याच्या बापानं पोट भरल्याबिगर आपल्याले उठूच देल्लं नसतं." लोक हसले, मीही हसलो. त्यांच्या हाताकडे पाहिलं. मांडीवर होता. मी परत वळून त्यांना वाढलं, आणि तेव्हा कळलं की हात पाहायला मी कधीच विसरलो नव्हतो.

अकरा वर्षं मी मनाशी म्हणत आलो आहे की ती तिकडची सवय होती, दोन वर्षांत लागलेली, नको म्हणजे नको. काकूलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, असू दे रे बापू. वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं आहे: "बाबा. कण्या, घट्ट, सुताने कापलेल्या, दुधासोबत. एक वडी. आणखी नको म्हणाले." त्यात एकही चूक नाही. त्या ओळीखाली मी तेव्हा जागा सोडली होती.

हा कागद मी घडी घालून वहीतच ठेवणार आहे. त्याआधी त्या जागेत आज लिहिलं: "हात गोधडीवरच होता, आडवा आला नव्हता. मी पाहिला होता. मोटार थांबली होती."