गिटार विभाग

२ जुलै १९७३, सोमवार

अकरा! अख्ख्या कोल्हापुरातून कालच्या कार्यक्रमाला अकरा माणसं आली. त्यातली चार घरची, दोन हॉलचे शिपाई, आणि एक पावणं पाऊस थांबायची वाट बघत बसलेलं. पाऊस उघडल्यावर तेही उठलं. जाताना मला म्हणालं, "वायरिंगचं काम कवा संपायचं म्हणायचं?" वायरिंग! मी जीव तोडून गिटार वाजवतोय, गातोय आणि ह्याला वायरिंग!

अण्णांनी मोजली. तीस वर्षं हेडमास्तरकी केली, रिटायर झाले तरी चार माणसं दिसली की हजेरी घेतात. आज जेवताना म्हणाले, "नृसिंह, अकरा." एवढंच. मग वारणानगरच्या साखर कारखान्याचं काढलं. टाइमकीपरची जागा आहे, साहेब अण्णांचा जुना विद्यार्थी. "दसऱ्यापर्यंत थांबतो. पाचशे माणसं तुझं ऐकायला बसली तर ठेव तुझी गिटार. नाहीतर दसऱ्यानंतर कारखाना."

मी तिरीमिरीत म्हणालो, "पाचशे काय, हजार बसवतो!" नंदिनी ताटात तोंड घालून हसली. सख्खी बहीण माझी!

५ जुलै

शेजारच्या अंबूबाईंची म्हैस दूध देईना. का? तर म्हणे माझ्या गिटारीनं आटली. आईकडं येऊन रडून गेल्या. अण्णांचा हुकूम – घरात वाजवायचं नाही. दुसऱ्यांच्या म्हशीसुद्धा माझ्या वाईटावर!

८ जुलै, रविवार

जागा मिळाली! आणि कुठं? तालमीच्या माडीवर! खाली पैलवान, वर आम्ही. दादांनी शब्द टाकला. दादा म्हणजे आमचे बेस गिटारवाले. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं. अॅम्प्लिफायरसुद्धा त्यांनीच जुन्या रेडिओंतून बनवला. बेस गिटार मिरजेच्या एका सतारवाल्या म्हाताऱ्याकडून करून घेतली. त्याला चित्र दाखवलं होतं. त्यानं दहा वेळा मान हलवली आणि शेवटी स्वतःच्या मनानं मागं भोपळा लावलाच. "भोपळ्याबिगर आवाज कसा येईल?" त्यामुळं दादा बसूनच वाजवतात. उभे राहिले की एक भोपळा दुसऱ्या भोपळ्यावर आपटतो.

तालमीच्या भाऊसो वस्तादांनी मला पायापासून वर बघितलं आणि केसांवर थांबले.

"केसं वाढवलीस, वाढवलीस. जोर किती मारतोस?"

"एकही नाही."

"आरं मग गळ्यातनं आवाज कशानं निघायचा?"

अटी सांगितल्या. विडी-सिगारेट बंद. चपला बाहेर. वाजवायच्या आधी खाली मातीत पन्नास जोर, वाजवून झालं की तांब्याभर थंडाई. आमचा ड्रमवाला ज्ञानू फौंड्रीत घण मारतो, त्यानं हसत हसत पन्नास मारले. मी नऊ. दहाव्याला तोंड मातीत!

९ जुलै

हात खांद्याच्या वर जाईनात. लिहिणं बंद.

२२ जुलै

आज तालमीचा नवा बोर्ड लागला. कुस्ती विभाग. फुटबॉल विभाग. त्याखाली, ताज्या रंगात – गिटार विभाग.

मी म्हणालो, "वस्ताद, आमच्या ग्रुपला नाव आहे. थंडर!"

"कोन थंडर? हितं मारुतीची तालीम हाय."

ज्ञानू जिन्यावर बसून पोट धरून हसत होता. शाळेत एका बाकावर बसलो आम्ही, डबे वाजवून मास्तरांचा मार खाल्ला तो ह्याच्याबरोबर. कसा हसतो बघा, म्हटलं. मग मीही हसलो.

एकवीस जोर झाले आज.

३ ऑगस्ट

अण्णांच्या धोतराला तांबडी माती. आई कुरकुरत होती. अण्णा म्हणाले, शाळेच्या बागेत गेलो होतो. ह्या वयात पावसाचं कशाला जायचं बागेत?

५ ऑगस्ट, रविवार

भाऊसो वस्ताद पहिल्यांदाच माडीवर आले. भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. आम्ही सातही गाणी वाजवली. मला वाटलं झोपले. सातवं संपल्यावर डोळे उघडून म्हणाले, "दम हाय. पर जोड न्हाय."

मी म्हणालो, "दुसरी गिटार घेऊ की, पैसे साठवून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं जोड म्हंजी बरोबरीचा गडी! एकट्यानंच शड्डू ठोकला तर बघायला कोन येतंय व्हय?"

मला काही कळलं नाही. माणूस कुस्तीच्या बाहेर जातच नाही. आणि दसऱ्याला दोन महिने राहिलेत. पाचशे माणसं कुठून आणू? रोज रस्त्यात माणसं मोजत चालतो मी आता.

१२ ऑगस्ट

कमाल झाली! पलीकडच्या पेठेतल्या तालमीनं गिटार विभाग काढला! ज्यांची पोरं फुटबॉलच्या मॅचला आमच्याकडं बघून म्हशीसारखी हंबरायची, त्यांनीच! दादा म्हणतात, त्यांच्याकडं दोन गिटारी आणि एक हार्मोनियम आहे. हार्मोनियम! रॉकमध्ये!

१४ ऑगस्ट

घात झाला. ज्ञानू फुटला.

संध्याकाळी आला नाही म्हणून फौंड्रीच्या दारात गाठला. मान खाली घालून म्हणाला, "मी पलीकडं वाजवतोय आता. काय इचारू नगंस गड्या." का? किती दिलं त्यांनी? काय दिलं? मी नाही नाही ते बोललो. तेही ऐकून घेतलं आणि सायकलवर टांग मारून गेला.

घरी येऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

१७ ऑगस्ट

वस्तादांना म्हणालो, संपलं सगळं, ड्रमवाला गेला. त्यांना काहीच वाटलं नाही! खाली हाक मारली, "जयसिंगऽ, वर ये!"

जयसिंग पैलवान. दरवाज्यातून आडवा होऊन आत आला. ड्रमच्या पाया पडला. मांडीवर शड्डू ठोकला. आणि एकच काठी अशी घातली की कातडं फाटून काठी आत!

"लई मऊ हाय की ह्ये," म्हणाला.

२ सप्टेंबर, रविवार

तीन कातडी झाली. पण आज जयसिंगनं एक अख्खं गाणं फाडाफाडी न करता वाजवलं. युक्ती माझीच. म्हटलं, ड्रम म्हणजे धाकटा भाऊ समज, त्याला मालीश करायचंय. तेव्हापासून नीट वाजवतो. फक्त मधेच थांबून ड्रमला तेल लावायला जातो.

९ सप्टेंबर

दोन्ही वस्ताद एकत्र बसून ठरवून आले. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही! तीस तारखेला, रविवारी, मैदानात दोन्ही गिटार विभागांची निकाली लढत. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते. शिट्टी झाली की दोघांनी एकदमच वाजवायचं. जो आधी थांबला तो हरला. वेळेची मर्यादा नाही.

मी ओरडलो, "वस्ताद, संगीत असं नसतं!"

"मग कसं असतंय?"



आणि ड्रमवर समोर कोण? ज्ञानू. त्याला हरवल्याशिवाय पाणी पिणार नाही मी.

१६ सप्टेंबर

जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "निकाली म्हणजे दोन-दोन तास चालेल. गळ्याला जप." अण्णा आणि निकाली! पेपरात वाचलं असेल. आई रोज ज्येष्ठमधाची काडी देतेय.

पन्नास जोर पूर्ण! एकदाही तोंडावर न पडता!

३० सप्टेंबर, रविवार

बोटं सोलली आहेत. तरी लिहितोच.

मैदान फुल्ल! भिंतीवर माणसं, झाडावर माणसं, गडहिंग्लजहून एस. टी. भरून माणसं. अर्ध्यांना गिटार म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण पलीकडच्या पेठेची जिरवायची एवढं माहीत होतं. अण्णा एका कोपऱ्यात वही-पेन्सिल घेऊन उभे.

चारला शिट्टी झाली. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. आमचं आम्हाला ऐकू येईना. वीस मिनिटांत आमची सातही गाणी संपली! मग परत पहिल्यापासून. मग शेवटाकडून पहिल्याकडं. तासाभरानं दादांची पाठ धरली, तर दोन पैलवानांनी भोपळा उचलून धरला. माझी एक तार तुटली. मग दुसरी. चार तारांवर वाजवत राहिलो.

आणि जयसिंग दमला. एवढा गडी, पण हात जड पडायला लागले, ताल मागं मागं सरकायला लागला. थांबला असता. मी बघत होतो, थांबणारच होता. तेवढ्यात पलीकडून ज्ञानूनं मान वर केली. स्वतःचा ताल सोडला आणि आमचा धरला! आमचा! एवढ्या लांबून जयसिंगला हात दिल्यासारखा वाजवत राहिला. जयसिंगनं तो पकडला. मग पलीकडची गिटार आमच्या सुरात आली. मी एक ओळ म्हटली, त्यांनी पुढची वाजवली. हार्मोनियमसुद्धा गोड लागली, हे कुणाला सांगणार नाही. सगळं मैदान टाळ्यांनी तालात! असलं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं मी.

दोन तास दहा मिनिटं. सगळे एकच वाजवायला लागल्यावर हरायचं कुणी? पंचांनी शिट्टी मारली ती कुणालाच ऐकू गेली नाही. शेवटी मधोमध येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले – बरोबरी!

भाऊसो मला फेटा बांधायला लागले तर केसांवर बसेना. "आता तरी काप की ही!" म्हणाले आणि डोळे पुसले. जयसिंग पळत जाऊन ज्ञानूच्या गळ्यात पडला. मी गेलो नाही. विसरलो नाही मी.

१ ऑक्टोबर

सकाळी अण्णांनी वही काढली. "अट काय होती? पाचशे माणसं बसली तर. काल बसलं कोण होतं? सगळे उभे!"

नंदिनीसुद्धा हसली नाही.

अण्णांनी चष्मा पुसला. "चार हजारांपर्यंत मोजले. मग पुढचा माणूस मागच्याच्या खांद्यावर चढला, मोजणी चुकली. उभ्या माणसाला अर्धा मार्क धरतो." पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "पास. वारणानगरला मी कळवतो."

दुपारपर्यंत तीन तालमींचे निरोप. आमच्यातबी गिटार विभाग काढायचाय, शिकवायला येता काय?

६ ऑक्टोबर, दसरा

ज्ञानू सोनं द्यायला आला. आपट्याची पानं पुढं केली. मी हात मागं बांधून उभा. म्हटलं, फुटलास तो फुटलास, आता कशाला आलास?

"वस्तादांनीच धाडलं हुतं मला पलीकडं. म्हनले, त्येंच्यात विभाग उभा कर, जोड हुईल, मग गाव लोटंल. तुला सांगायचं न्हाय म्हनले. तुजा राग खरा पायजे हुता."

"वस्तादांना काय पडलं होतं माझ्या गर्दीचं?"

ज्ञानू जरा घुटमळला. "तुजं अण्णा आलते की तालमीत. श्रावणात. मातीत उभं ऱ्हाऊन इचारत हुते, पाचशे माणसं कुठनं आणायची? रागाच्या भरात माझ्या तोंडातून आकडा जरा मोठा गेला, म्हनले."

सोनं घेतलं. ज्ञानूला घट्ट मिठी मारली. मग आत जाऊन त्यातली दोन पानं अण्णांच्या हातात ठेवली आणि पाया पडलो.

अण्णांनी पेपर खाली घेतला नाही. म्हणाले, "आज जोर मारलेस का?"